चार खाटांचा चौकोन

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांना कॅमेरे बसवून देणारी मी एकटीच बाई. आता त्याचं कुणाला नवल वाटत नाही. सुरुवातीला मात्र टेम्पोतून शिडी उतरवायला लागले की गेटवरचा रखवालदार माझ्या मागं बघत विचारायचा, “माणूस कुठाय?” मी म्हणायची, “मीच.”

माझं माहेर माणदेशातलं, सातारा जिल्ह्याच्या कोरड्या टोकाचं. वडील गावोगाव अँटेना लावून द्यायचे, पुढं टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं देऊ लागले. कुणाच्या बारशाला, कुणाच्या जागरणाला ते सामान जायचं. त्याच्या वायरी कुठं खोचायच्या हे मला धड लिहायला येण्याआधीच येत होतं. लग्न होऊन सांगलीला आले. नवऱ्याचं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्यांना दमा, त्यामुळं शिडीवरचं काम हळूहळू माझ्याकडं आलं आणि माझंच झालं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या भागातल्या एका वसतिगृहात उपचार केंद्र उघडलं. खालच्या मोठ्या हॉलमध्ये बत्तीस खाटा टाकल्या. सिस्टरांना तो प्लास्टिकचा पोशाख घालून सारखं आत बसणं शक्य नव्हतं, म्हणून छताला आठ कॅमेरे बसवायचे ठरले. एका कॅमेऱ्यात चार खाटा. खाटा भरायच्या आदल्या दिवशी मी एकटीनं ते काम उरकलं. दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. नवऱ्याच्या दम्याची भीती होती, तेव्हा त्या दिवसापासून मी घरी गेले नाही. दुकानाच्या माळ्यावर राहू लागले. लेक दुपारी डबा आणून पायरीवर ठेवायची आणि रस्त्याच्या पलीकडं उभी राहून मी जेवताना बघायची.

आठवड्यात तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. तिशीतले होते, कराडजवळच्या मलकापूरचे, बोलायला फार हळू. म्हणाले, “ताई, जरा येऊन जाता का? गेटवर फार वाईट चाललंय.”

गेले तर गेटला माणसं लटकलेली. कुणी पिशवीवर नाव लिहून आत फेकत होतं, कुणी खिडकीच्या रोखानं हाका मारत होतं. आत माणूस जिवंत आहे की नाही हे कळायला काही मार्गच नव्हता. आतल्या निम्म्या लोकांकडं फोन नव्हता आणि ज्यांच्याकडं होता त्यांना बोलायला दम नव्हता. सकाळी एकजण पाण्याच्या पाइपावरून चढून खिडकीत डोकावायला गेला आणि पडून हात मोडून घेतला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “सिस्टर ज्या टीव्हीवर बघतात, तेच चित्र या लोकांना बाहेर दाखवता येईल?”

मी म्हटलं, “येईल की.”

काम तसं अवघड नव्हतं. प्रत्येक कॅमेऱ्याची वायर सिस्टरांच्या मशीनला, म्हणजे सगळे कॅमेरे एका टीव्हीवर दाखवणाऱ्या डब्याला, जात होती. ती मध्ये तोडून तिथं स्प्लिटर घालायचा. त्याच्या एका तोंडानं चित्र आत येतं आणि दोन तोंडांनी बाहेर पडतं. एक वायर सिस्टरांच्या मशीनला तशीच ठेवायची, दुसरी माझ्या मशीनला आणायची. मग माझ्या मशीनमधून निघालेलं चित्र पुन्हा एका स्प्लिटरनं तीन टीव्हींवर वाटायचं. अडचण सामानाची होती. दुकानं बंद. माझ्याकडं पाचच स्प्लिटर निघाले. राहिलेले एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयातून मालकाला फोनवर विचारून काढून आणले. तिथं मीच बसवलेले होते. टीव्ही एक आमच्या घरचा, लेकीनं पायरीवर आणून ठेवलेला, एक डॉक्टरांच्या भाड्याच्या खोलीतला आणि तिसरा, सगळ्यांत मोठा, सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यानं पाठवलेला. त्यांचे वडील आत होते.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा चित्र तुटायला लागलं. टीव्हीपर्यंतची वायर फार लांब झाली होती, आणि लांबीला चित्र दमतं. पांढरे ठिपके येतात, मग निळा पडदा. म्हणून मी माझं मशीन आवाराच्या कडेला असलेल्या सामानाच्या खोलीत हलवलं. त्या खोलीची खिडकी नातेवाइकांसाठी आवारात घातलेल्या मांडवाकडं उघडत होती; टीव्ही तिथंच ठेवले होते. आता तिथून टीव्ही दहा-बारा पावलांवर आले. बटण दाबलं आणि तिन्ही पडद्यांवर आठ चौकोन उमटले.

गेटवरचा गोंधळ एकदम थांबला. सगळे मांडवात आले आणि टीव्हीसमोर उभे राहिले. कुणाला काही ओळखू येईना. छतावरून सगळी माणसं सारखीच दिसतात. तोंडावर मास्क, अंगावर सरकारी चादर. एक बाई रडायला लागली. “ह्यात आमचे कुठले? हे तर कुणीच न्हाईत आमचे.”

मी खोलीत जाऊन प्रत्येक चौकोनावर खाटांचे नंबर टाकले. डॉक्टरांनी नंबरांची यादी मांडवाच्या खांबाला लावली. मग एकेक बोट पडद्याकडं जायला लागलं. हळद व्यापाऱ्यांना वडील सापडले, सातव्या चौकोनात. ते जैन होते, घरात पूजापाठ कडक. पायातली चप्पल काढून त्यांनी टीव्हीला लांबूनच नमस्कार केला.

त्या गर्दीत एक म्हातारा मागं उभा होता. डोक्याला पांढरा पटका, हातात काठी. जतकडच्या धनगर वस्तीवरचा. गर्दी कमी झाल्यावर तो माझ्या खिडकीशी आला.

“पोरी, ह्यात माझी म्हातारी कुटली?”

“खाट कितवी, बाबा?”

“त्ये मला काय ठावं? आत नेली तवा अंगावर घोंगडं हुतं बग. काळं. ते काढाय लागल्या तर सोडंना. मग ऱ्हाऊ दिलं.”

मी सहाव्या चौकोनात बघितलं. तेवीस नंबरच्या खाटेवर सगळ्या पांढऱ्या चादरींमध्ये एकच काळं घोंगडं होतं. मी बाहेर येऊन टीव्हीवर बोट ठेवून दाखवलं. तो जवळ गेला, अगदी काचेला नाक लागेल इतका, आणि कितीतरी वेळ हलला नाही. मग वळून म्हणाला, “हाय. श्वास घेतीया.”

तो मांडवातच राहिला. लेक आणि सून वस्तीवर शेरडं-मेंढरं सांभाळत होते. ह्यानं भिंतीकडेला पोतं अंथरलं आणि दिवसभर सहाव्या चौकोनासमोर बसू लागला.

दुसऱ्याच दिवशी जे व्हायला नको ते झालं. दुसऱ्या चौकोनातल्या एका माणसाचा श्वास अडकला. सिस्टर धावल्या, डॉक्टर धावले, छातीवर दाब द्यायला लागले. हे सगळं तीन टीव्हींवर दिसत होतं, आवाजाशिवाय. त्या माणसाची कॉलेजातली मुलगी पडद्यासमोरच उभी होती. तिनं शेवटपर्यंत बघितलं. ओरडलीसुद्धा नाही. त्यांनी चादर तोंडावर ओढली तेव्हा ती खाली बसली आणि शेजारच्या बाईचा पदर तोंडात धरला.

डॉक्टर बाहेर आले ते थेट माझ्या खोलीत. “बंद करा, ताई. चुकलं माझं.”

पण ही गोष्ट मांडवात कळली आणि लोक खिडकीशी जमले. बंद करू नका म्हणाले. ती मुलगीच पुढं होती. ती म्हणाली, “मी बघितलं म्हणून मला खरं वाटलं. नाहीतर वाटलंच नसतं.” शेवटी मीच तोड सुचवली. मी दिवसभर मशीनपाशी बसेन. आत कुणाचं बिघडलं की सिस्टरनी मला इशारा करायचा. मी त्या कॅमेऱ्याची वायर माझ्या मशीनच्या मागून काढेन. सिस्टरांच्या मशीनला काही होणार नाही, बाहेर मात्र तेवढा चौकोन दिसणार नाही.

डॉक्टर हो म्हणाले. मला वाटलं, चांगला मार्ग निघाला.

वायर काढणं म्हणजे क्षणाचं काम. वायरीच्या टोकाची पितळी टोपी डावीकडं पाव वेढा फिरवायची आणि ओढायची. त्याबरोबर बाहेर तो चौकोन काळा पडायचा आणि काळ्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत ‘व्हिडिओ लॉस’ असं उमटायचं. मशीनला तसं शिकवलेलंच असतं. ती अक्षरं घालवायचा मी बराच प्रयत्न केला, पण त्या जुन्या मशीनमधून ती जात नव्हती.

मिरजेचा एक शिक्षक मांडवात होता. त्याला कुणीतरी विचारलं, “सर, काय लिवलंय?” तो म्हणाला, “व्हिडिओ लॉस.” “म्हणजे?” तो जरा थांबला. “लॉस म्हणजे गमावणं. तोटा.”

दोन दिवसांत सगळ्यांना ते शब्द पाठ झाले. इंग्रजी न येणाऱ्या बायकासुद्धा म्हणायच्या, “लास झाला, चौथ्यात लास झाला.” आणि एका चौकोनात चार खाटा. म्हणजे चौकोन काळा पडला की चार घरांची माणसं उठून उभी राहायची. चौघांपैकी कुणाचं, ते डॉक्टर बाहेर येऊन नाव घेईपर्यंत कळायचं नाही. कधी अर्धा तास जायचा. त्या अर्ध्या तासात ती चार घरं एकमेकांकडं बघायची नाहीत. मग नाव यायचं. एका घरातून रडणं उठायचं आणि राहिलेली तीन घरं खाली मान घालून बसायची. सुटलो असं वाटलेलं तोंडावर दिसू नये म्हणून.

हे सगळं मी खिडकीतून बघत होते आणि ते माझ्या हातानं होत होतं. मी खोलीतून बाहेर पडले की लोक गप्प व्हायचे. पाण्याच्या नळावर गेले तर बायका बाजूला सरायच्या. मला त्यांनी नाव ठेवलं होतं, वायरवाली. शिवी म्हणून नव्हतं ते, पण लेकरांना जशी एखाद्या गोष्टीची भीती घालतात तशा सुरात म्हणायच्या.

एका दुपारी वीज गेली. आत जनरेटर लागला, पण मांडवाची लाइन त्यावर नव्हती. तिन्ही टीव्ही, आठही चौकोन एका वेळी गेले. मांडवातून जो आवाज उठला तो मी जन्मात ऐकला नव्हता. मी मास्क तोंडावर ओढून बाहेर पळाले आणि ओरडायला लागले, “लाइट गेली! नुसती लाइट गेली! आत सगळं चालू आहे!” माझा घसा बसला. वीज दहा मिनिटांत आली. एक म्हातारी मात्र टीव्ही सुरू झाल्यावरसुद्धा डोळे उघडायला तयार नव्हती.

त्या दिवसानंतर मी ठरवून खोटं करायला सुरुवात केली. कुणालाही न विचारता मी आळीपाळीनं वायरी काढू लागले. पहिला चौकोन दहा मिनिटं, मग जोडायचा. थोड्या वेळानं पाचवा. मग तिसरा. कुणी खिडकीशी आलं की सांगायची, “चादरी बदलतायत. बायकांना पुसून काढतायत, म्हणून बंद ठेवलंय.” कधीकधी ते खरंही असायचं. काळा चौकोन म्हणजे मरण, ही गाठ मला सोडवायची होती. दिवसातून वीसदा काळं झालं की लोकांना त्याची सवय होईल असा माझा हिशोब होता. आणि तो काही अंशी बरोबर निघाला. लोक पूर्वीसारखे दचकून उठेनासे झाले. एकदा सहावा चौकोन बंद असताना धनगरबाबा खिडकीशी आला.

“काळं झालंय. काय करत्यात?”

“साफसफाई, बाबा.”

“व्हय का,” म्हणाला आणि परत जाऊन बसला.

हॉलमध्ये आवाज पोचवायची सोय डॉक्टरांनीच मागितली. माझ्या खिडकीशी एक माइक, आत भिंतीला दोन स्पीकर. सकाळी अकरा ते बारा एकेकानं यायचं आणि आपल्या माणसाशी बोलायचं. आतून उत्तर येणार नाही, फक्त टीव्हीवर बघायचं. पहिले दोन दिवस माणसं माइकसमोर आली की रडायचीच. मग शिकली. कुणी नातवाचा पाढा ऐकवला. कुणी म्हणालं, विहिरीला पाणी आहे, काळजी करू नका. हळद व्यापारी माइक हातात धरून नवकार म्हणायचे, इतक्या सावकाश की सगळा मांडव थांबायचा.

धनगरबाबाचा नंबर आला तेव्हा तो माइककडं बघत उभा राहिला.

“बोला बाबा. हाक मारा.”

“नावानं कसं हाक मारू? कवा मारली न्हाई.” मग त्यानं खाकरून घेतलं आणि रानात मारावी तशी मोठ्यानं हाक मारली, “अगं ए! ऐकाय येतंय का? मी हाय हितंच. भाईर. काळी शेळी व्याली. दोन करडं झाली. दोनी बी पाठी हायेत, बोकड एकबी न्हाई.” जरा थांबून म्हणाला, “औषीद घे गप.”

मी चौकोनाकडं बघत होते. घोंगड्यातून एक हात बाहेर आला आणि हवेत दोनदा हलला, मेंढरं पुढं हाकलताना हलवतात तसा.

“जा म्हंती,” तो म्हणाला. “घरला जा म्हंती.” मांडवातली माणसं हसली. त्या मांडवात मी हसणं ऐकलं ते तेवढंच. तो गेला नाही. रोज अकराला यायचा, शेळ्यांची खबर द्यायचा, हात हलायचा.

नवव्या की दहाव्या दिवशी त्यानं हाक मारली आणि हात हलला नाही. त्यानं पुन्हा मारली. सिस्टरनी घोंगडं नीट केलं आणि कॅमेऱ्याकडं बघून हातानंच सांगितलं, झोपल्यात. बाबा माइकपासून बाजूला झाला आणि पुढच्याला जागा दिली.

दुपारी दोनच्या सुमारास माझ्या फोनची एक रिंग वाजून बंद झाली. हा सिस्टरचा इशारा. मागोमाग चौकोनाचा नंबर आला, सहा. मी मशीनच्या मागं हात घातला आणि सहाव्याची टोपी फिरवून काढली. मग सवयीप्रमाणं थोड्या वेळानं तिसराही बंद केला, लोकांचं लक्ष वाटलं जावं म्हणून.

तो खिडकीशी आला. काठी भिंतीला टेकवली.

“पोरी.”

“चादरी बदलतायत, बाबा—”

“न्हाई.” तो रागावून बोलत नव्हता. “डाक्टर आता भाईर येतील आन नाव घेतील. त्येच्या आदी मला दाव.”

“काय दावू?”

“म्हातारी. झाकायच्या आदी एकदा दाव. मग झाका.”

मी म्हटलं, “बाबा, चार खाटा आहेत त्यात. तुमचंच कशावरून?”

“सकाळी हात हालला न्हाई.”

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. सिस्टरांच्या मशीनवरचं चित्र मला दिसत नव्हतं; आत काय चाललंय हे मलाही कळायचा एकच मार्ग होता. मी सहाव्याची वायर हातात घेऊन बसले होते. ती जोडली तर तिन्ही टीव्हींवर तो चौकोन उघडणार, सगळा मांडव बघणार, आणि राहिलेल्या तीन खाटांची माणसंही. स्प्लिटर काही निवडत नाही, आलेलं सगळ्यांना सारखं देतो. म्हणून मी आधी त्याच्या दोन वायरी उपटल्या. मांडवातले दोन टीव्ही निळे पडले. तिसरा, आमच्या घरचा छोटा, मी मांडवातून उचलला, वायरीसकट ओढत खोलीत आणला आणि टेबलावर ठेवला. बाबाला आत घेऊन दार लोटलं. कुणी मागं आलं नाही.

मग मी सहाव्याची वायर जोडली. चौकोन पडदाभर केला आणि माउसनं तेवीस नंबरची खाट जवळ ओढून घेतली.

ती होती. मास्क काढलेला होता. सिस्टर शेजारी उभी होती, बाकीचे बहुतेक ती काळी पिशवी आणायला गेले असावेत. घोंगडं छातीपर्यंत होतं. डोकं उघडं, केस उशीवर सुटलेले.

तो बघत राहिला. मला वाटलं, आता कोसळेल. मी त्याच्यामागं स्टूल सरकवलं. तो बसला नाही. म्हणाला, “डोक्यावर पदुर न्हाई.”

मी पुन्हा पडद्याकडं बघितलं.

“कुनाला तरी सांग. डोक्यावर पदुर घ्या म्हनावं तिच्या. अशी कवा ऱ्हाईली न्हाई ती.”

मी माइक चालू केला. माझा आवाज हॉलभर जाणार हे मला ठाऊक होतं, पण दुसरा इलाज नव्हता. म्हटलं, “सिस्टर, तेवीस नंबर. आजींच्या डोक्यावर पदर घ्या.”

सिस्टरनी मान वर करून कॅमेऱ्याकडं बघितलं. चष्म्यामागचे डोळे दिसत नव्हते. मग त्या वाकल्या. रबरी मोजे घातलेल्या हातांनी केस मागं सारले, पाठीखालून लुगड्याचा पदर ओढला आणि डोक्यावरून घेऊन गळ्याशी नीट खोचला. गडबड केली नाही. दोन्ही बाजूंनी सारखा आहे का तेही बघितलं.

“बास,” तो म्हणाला. “आता झाका.”

मी टोपी फिरवली. चौकोन काळा पडला आणि ती पांढरी अक्षरं आली. तो काठी घेऊन बाहेर गेला. डॉक्टर आले तेव्हा तो गेटशी उभाच होता. त्यांनी नाव घेतलं. तो म्हणाला, “व्हय. मीच.”

संध्याकाळी डॉक्टर माझ्या खोलीत आले. “ताई, हे पुन्हा करू नका.”

“नाही करत,” म्हटलं. ते निघून गेले.

मी पुन्हा केलं नाही. पुढच्या दिवसांत आणखी दोघांनी मागितलं. त्या मिरजेच्या शिक्षकांनी तर हात जोडले. त्यांची आई पहिल्या चौकोनात होती. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. नियम होता हे एक. पण खरं म्हणजे पुन्हा एकदा तसं बघायची माझीच तयारी नव्हती. हळद व्यापाऱ्यांचे वडील बरे होऊन चालत गाडीत बसले. जाताना व्यापारी म्हणाले, टीव्ही इथंच राहू दे. केंद्र बंद झाल्यावर मी तो एका शाळेला दिला.

घरचा टीव्ही मी घरी नेऊन पुन्हा भिंतीला लावला. लेक बघायची, नवरा बघायचे. मी स्वयंपाकघरात बसायची. कामाला लागले तरी बरेच दिवस कारखान्यात कॅमेऱ्याची वायर काढायची वेळ आली की मी आधी विचारायची, “खाली कोण उभं नाही ना?” लोकांना वाटायचं, शिडीखालचं विचारतीये.

दोन वर्षांनी जतच्या रस्त्याला एका बेदाण्याच्या शेडला कॅमेरे बसवायचं काम निघालं. दुपारपर्यंत उरकलं. विचारत विचारत धनगरवस्तीवर गेले. तो लिंबाखाली खाटेवर बसला होता, पटका तसाच. मी समोर उभी राहिले तर त्यानं ओळखलं नाही. त्यानं माझं तोंड बघितलेलंच नव्हतं. मी बोलले तेव्हा मान वर केली.

“वायरवाली न्हवं तू?”

“होय बाबा.”

त्यानं खाटेवर जागा करून दिली. सुनेनं पाणी आणलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी म्हटलं, “बाबा, एक सांगायचं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलत होते. मी मुद्दाम काळं करायची. चादरी बिदरी काही नसायचं.”

“ठावं हुतं की,” तो म्हणाला. “समद्यांस्नी ठावं हुतं. त्या मास्तरनं दुसऱ्याच दिवशी वळखलं. आमी म्हनलं, गप बसा, बोलू नका तिला. खरं कुटलं आन खोटं कुटलं ते कळत न्हवतं, तेवढंच बरं हुतं.”

मी खोटं सुरू केल्यावरही बायका नळावर माझ्याशी न बोलता बाजूला का सरायच्या, ह्याचा मी तेव्हापासून वेगळाच अर्थ धरून बसले होते.

मग तोच म्हणाला, “दावलंस ते मातूर...” आणि थांबला.

“चुकलं का, बाबा?”

“तसं न्हाई. मीच मागितलं.” त्यानं तळहातानं गुडघा चोळला. “पर आता डोळं मिटलं की तशीच दिसती. वरनं. पन्नास वरसं संगट ऱ्हायलो, भाकरी थापताना बगितली, मेंढरामागं चालताना बगितली. त्येतलं कायबी येत न्हाई. वरनं बगितलेलं तेवढं येतं. मानसाला वरनं बगू नये गं.”

माफी मागावी तर त्यानं दोष दिलाच नव्हता. छताला कॅमेरा लावताना खालचं सगळं कसं टप्प्यात येईल एवढंच बघायला मी शिकले होते, वडिलांकडून वायरी जोडायला शिकल्यापासूनच्या इतक्या वर्षांत दुसरा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

सुनेनं आतून हाक मारली, “मामा, पावण्यांस्नी जेवाय बसवा.”

“हात धू,” तो मला म्हणाला. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, कांदा. मी, बाबा आणि सून, आम्ही तिघं ओसरीवर जेवलो. माझ्या ताटातली भाकरी संपायच्या आत त्यानं दुसरी मोडून वाढली आणि विचारलं, “तुजी मानसं? समदी हाईत?”

“आहेत, बाबा.”

“बरं झालं,” म्हणाला आणि माडग्याचं भांडं माझ्याकडं सरकवलं.